मावशीच्या अभ्यासिकेत तीन आठवडे: तपकीर गल्लीतलं सेकंडहँड आय३५०-टी४

आधीच सांगून टाकते. हे चार पोर्टांचं नेटवर्क कार्ड उत्तम आहे, आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नाही. मलाही नव्हती. तरी घेतलं आणि आता कुणी मागितलं तरी देणार नाही.

पुण्यात नव्या पेठेत गांजवे चौकापासून दोन मिनिटांवर माझ्या मावशीची अभ्यासिका आहे. दोन मजले, १२० खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री बारा. बहुतेक पोरं एमपीएससीची, थोडी यूपीएससीची, हल्ली सीएवालीही येतात. पूर्वी पंखा, दिवा आणि शांतता एवढ्यावर भागायचं. आता प्रत्येकाच्या कानात बोंडं आणि समोर लेक्चर, त्यामुळे नेट गेलं की लाइट गेल्यासारखा कालवा होतो. ३०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे. राउटरच्या जागी दोन वर्षांपूर्वी मीच बसवून दिलेला एक जुना पीसी आहे: ऑफिसातून भंगारात निघालेला, चार कोअर आणि आठ थ्रेडचा, लिनक्स घातलेला. बोर्डावरच्या पोर्टला फायबरवाल्याचा डबा, आणि आत जुन्या पद्धतीच्या पीसीआय स्लॉटमध्ये एक बिननावाचं गिगाबिट कार्ड. त्या कार्डातून निघालेली वायर स्विचला, आणि स्विचमधून सगळ्या अभ्यासिकेला.

मी हिंजवडीत ड्रायव्हर लिहिते. गाडी चालवत नाही, हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते, हे नातेवाइकांना समजावण्याचा नाद आता सोडलाय. मावशीच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमधली' आहे आणि म्हणून प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं.

जूनपासून तक्रार सुरू झाली. रात्री नऊच्या सुमाराला नेट 'असतं पण नसतं'. व्हिडिओ फिरत राहतो, मेसेज मात्र जातो. तात्या, म्हणजे अभ्यासिकेचे केअरटेकर, पीसीचं बटण दाबून बंद-चालू करायचे की दोन-तीन दिवस सगळं सुरळीत. फायबरवाला तीनदा येऊन गेला, डबा बदलून गेला, लाइन मोजून दाखवली, ती ठणठणीत. शेवटी मावशीचा फोन.

"अगं, तूच बसवलंयस ना ते? मग तूच येऊन बघ. पोरं फी परत मागायला लागली तर मी काय सांगू, भाची कामात आहे?"

शनिवारी गेले. तात्यांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही: "ताई, नेट अडकतं ना, तेव्हा प्रिंटरपण रखडत रखडत छापतो." मी मनात म्हटलं, तात्या, प्रिंटर यूएसबीवर आहे, त्याचा नेटशी काय संबंध.

लॅपटॉप स्विचला जोडून राउटरला पिंग मारला. मध्ये इंटरनेट नाही, फायबर नाही, पंधरा फूट वायर आहे. उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात यायला हवं. आलं कसं, तर कधी ८ मिलिसेकंद, कधी ५१, कधी ९६. एकही पॅकेट हरवत नव्हतं, आणि शंभराच्या फारसं वरही काही जात नव्हतं. नुसता गोंधळ असता तर एखादा आकडा चारशेवर गेला असता. इथे कुणीतरी शंभर मिलिसेकंदांच्या ठेक्यावर काम करत होतं. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडला आणि तिथे ती ओळ होती, ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड'. त्याखाली 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६'. वेळ दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे बिघाड दुपारीच झाला होता, फक्त दुपारी अर्धी अभ्यासिका पेंगत असते म्हणून कळला रात्री नऊला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण नवीन कार्ड का घेतलं ते या १६ नंबरातच आहे. इंटरप्ट म्हणजे 'माझ्याकडे बघ' अशी उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि आयआरक्यू १६ म्हणजे ती हाक येण्याची सोळा नंबरची लाइन.

माझं आजोळ शनिवार पेठेतल्या एका वाड्यात होतं. दिंडीदरवाज्याला एकच घंटा, दोरीची, आणि बिऱ्हाडं चार. दोरी ओढली की कुणाकडे पाहुणे आलेत ते घंटेवरून कळत नाही. चारही घरांतून कुणीतरी डोकावायचं, 'आपलं नाही' म्हणून आत जायचं, ज्याचं असेल तो दार उघडायचा. पीसीआयचा जुना इंटरप्ट असाच. एकाच लाइनवर तीन-चार उपकरणं, आणि लाइन वाजली की कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ओळीने विचारतो, तुझं आहे का? ड्रायव्हर आपल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर वाचतो. त्यात काही असेल तर 'माझं, बघितलं' असं उत्तर देतो, नसेल तर 'माझं नाही'. शिवाय ही घंटा एकदा टण् करून थांबणारी नाही. कार्डाने दोरी ओढून धरलेली असते. ड्रायव्हरने कार्डाचं काम उरकून त्याला 'सोड आता' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, आणि सुटेपर्यंत वाजत राहते.

आता समजा दोरी कुणीतरी ओढून धरली आहे आणि चारही बिऱ्हाडं म्हणताहेत आपलं नाही. प्रोसेसर हँडलरमधून (ड्रायव्हरमधल्या घंटेला उत्तर देणाऱ्या फंक्शनमधून) बाहेर येतो, लाइन अजून वाजतेच आहे, पुन्हा आत जातो. हे बघता बघता लाखभर वेळा होतं. म्हणून लिनक्सने एक मर्यादा घातलीय: दर १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले तर लाइनच बंद. घंटेत बोळा. आमच्या वाड्यात हे काम आजोबा करायचे.

बोळा कोंबल्यावर कर्नल अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. बंद केलेल्या लाइनवरच्या ड्रायव्हरांना तो टायमर लावून सेकंदाला १० वेळा विचारत राहतो, काही आहे का, काही आहे का. हाच माझा शंभर मिलिसेकंदांचा ठेका! आणि ढोबळ हिशोब करा. कार्डाच्या रिंगमध्ये, म्हणजे पॅकेटांच्या गोल रांगेत, २५६ डिस्क्रिप्टर (जागा), सेकंदाला १० फेऱ्या, म्हणजे २,५६० पॅकेटं. प्रत्येकी १,५०० बाइट धरले तर जेमतेम ३० एमबीपीएस. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रिंगही तशीच अडकते, कारण 'हे पाठवून झालं, जागा मोकळी कर' हे सांगायलाही इंटरप्टच लागतो. ३०० ची लाइन घेऊन ऐंशी पोरं ३० वर लेक्चर बघत होती आणि शिव्या फायबरवाल्याला खात होता बिचारा.

त्याच १६ नंबरवर दुसरं बिऱ्हाड कोण, ते प्रॉकमधल्या (लिनक्स आपली आतली माहिती दाखवतं त्या फोल्डरमधल्या) इंटरप्ट्सच्या यादीत बघितलं. यूएसबीचा कंट्रोलर. त्यावर प्रिंटर. तात्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

मग साहजिकच संशय त्या बिननावाच्या कार्डावर गेला. घरी आणून माझ्या जुन्या मशीनमध्ये घातलं, आठवडाभर रात्रंदिवस ट्रॅफिक सोडलं. एक बेवारस इंटरप्ट नाही. कार्ड निर्दोष. चूक अभ्यासिकेतल्या पीसीच्या बोर्डावर होती. त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर जुना पीसीआय स्लॉट हा मूळचा नसतोच. एक छोटी ब्रिज चिप पीसीआय एक्सप्रेसमधून तो काढून देते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची खरी तार नसते, म्हणून ही चिप दोरी ओढली की 'ओढली' असा निरोप पाठवते आणि सोडली की 'सोडली' असा. आमची चिप ताण आला की दुसरा निरोप कधीतरी गिळते. कार्डाने दोरी केव्हाच सोडलेली, वरती मात्र ओढलेलीच दिसते. ड्रायव्हर स्टेटस वाचतो, शून्य, 'माझं नाही'. पुढचं वर सांगितलंच.

म्हणजे उपाय सोपा: त्या स्लॉटचा नाद सोडून पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घ्यायचं, जे तार आणि दोरी यांच्या भानगडीत न पडता एमएसआयने, म्हणजे तारेऐवजी मेमरीत निरोप लिहून, इंटरप्ट देतं. आठशे-हजार रुपयांचं एक पोर्टाचं नवं कार्डही पुरलं असतं. इथपर्यंत मी शहाणी होते.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे अर्धा दिवस, म्हणून मेट्रोने मंडईला उतरून चालत गेले. पहिल्या दोन दुकानांत नवी कार्डं होती. तिसरं दुकान पहिल्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की समोरून मॉनिटर घेऊन कुणी उतरत असेल तर आपण परत खाली यायचं. तिथे सर्व्हरमधून काढलेला माल असतो. हिरव्या पट्ट्यांचा ढीग, त्यात चार पोर्टांचं एक कार्ड.

"हे आय३५० आहे का?"

"फोर पोर्ट आहे, मॅडम. सीसीटीव्हीला?"

"नाही, राउटरला."

"मग राउटर घ्या ना."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. ३,२०० सांगितले, २,८०० ला दिलं. या कार्डाच्या नकला बाजारात पुष्कळ फिरतात, म्हणून मी लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊनच गेले होते. दुकानदाराने काही न बोलता टेबलावरच्या उघड्या मशीनमध्ये कार्ड लावून दिलं आणि स्वतः चहा घ्यायला गेला. ओळख ८०८६:१५२१ आली, चारही पोर्टांचे मॅक पत्ते ओळीने आले आणि स्टिकरवरच्या पत्त्याशी जुळले, चारही पोर्टांना वायर लावून लिंक आली. एवढ्याने कार्ड अस्सल असल्याची खात्री होत नाही, पण २,८०० रुपयांत एवढी परीक्षा पुरे. दुकानाला माझ्याकडून पैकीच्या पैकी, एक ब्रॅकेटचं सोडून. ते पुढे येईल.

आता कार्ड. इंटेल आय३५०-टी४, चार गिगाबिट पोर्ट, पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेनचं. मोठ्या स्लॉटमध्ये बसतं. पंखा नाही, चिपवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक. ड्रायव्हर आयजीबी, कर्नलमध्ये आहेच. काही टाकावं लागत नाही. वायर खोचल्या, एक पोर्ट फायबरला, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या मजल्याला, आणि पुन्हा ती इंटरप्ट्सची यादी उघडली.

यासाठी मी कार्ड घेतलं. पूर्वी जिथे '१६, यूएसबी, इथरनेट' अशी एकच ओळ होती तिथे आता एकेका पोर्टाच्या नऊ ओळी. एक ओळ लिंक आली-गेली वगैरे किरकोळ बातम्यांसाठी, आणि आठ ओळी टीएक्सआरएक्स-० ते टीएक्सआरएक्स-७, म्हणजे पॅकेटं पाठवायच्या-घ्यायच्या आठ रांगा, प्रत्येक थ्रेडला एक. तीन पोर्ट, २७ ओळी, आणि एकही कुणाबरोबर वाटून घेतलेली नाही. टर्मिनलची खिडकी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणावी लागली.

एमएसआय पीसीआयच्या २.२ आवृत्तीत, १९९८ साली आलं आणि एमएसआय-एक्स ३.० मध्ये, २००४ साली. पहिल्यात एका उपकरणाला जास्तीत जास्त ३२ इंटरप्ट, दुसऱ्यात २,०४८. आकड्यांपेक्षा मला त्यातली युक्ती आवडते. इथे घंटा नाहीच. कार्ड मेमरीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा आकडा लिहितं, आणि ते लिहिणं हाच इंटरप्ट. ओढून धरणं नाही, त्यामुळे सोडणं नाही, त्यामुळे 'सोडलं' हा निरोप मधल्या मध्ये गिळायची सोय नाही. कुणाचं आहे हे विचारायचीही गरज नाही, पत्र थेट नावानिशी येतं. आणखी एक फायदा फारसा बोलला जात नाही: कार्डाने आधी पॅकेट मेमरीत लिहिलेलं असतं आणि मागोमाग, त्याच वाटेने, हा इंटरप्टचा आकडा येतो. तो पुढच्याला ओलांडून जात नाही. म्हणजे इंटरप्ट पोचला तर डेटा पोचलेलाच आहे. वेगळ्या तारेवरून इंटरप्ट यायचा तेव्हा तो डेटाच्या आधी टपकू शकायचा, आणि आम्हाला कार्डाचं एखादं रजिस्टर मुद्दाम वाचून मागचं सगळं पोचल्याची खात्री करावी लागायची.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर. पॅकेट आल्यावर पळणारं फंक्शन काढून बघा, कामाच्या ओळी तीन. मागच्या वेळी ठरवलेला इंटरप्टच्या वेगमर्यादेचा आकडा कार्डात लिही. नॅपीला (कर्नलमधल्या पॅकेटं उचलणाऱ्या भागाला) सांग की काम आलंय. 'हाताळलं' म्हणून परत जा. पॅकेटला हातही लावत नाही. कार्डाला ही शिस्त हार्डवेअरमधूनच दिलेली आहे: इंटरप्ट पाठवला की तो वेक्टर (म्हणजे यादीतली ती एक ओळ) आपोआप स्वतःचं तोंड बंद करतो, त्यासाठी वेगळं रजिस्टर लिहावं लागत नाही. स्वस्त चिपांच्या हँडलरमध्ये आधी स्टेटस वाचा, ते सगळेच्या सगळे एक आले तर कार्ड बसवरून गायब झालंय असं समजा, मग इंटरप्ट बंद करा, मग पोच द्या, असा सगळा संसार असतो. आणि पीसीआयवर एखादं रजिस्टर वाचणं म्हणजे प्रोसेसरने उत्तर येईपर्यंत दारात ताटकळत उभं राहणं.

हँडलर इतका छोटा का असावा? कारण तो पळत असताना त्या कोअरवरचं बाकी सगळं थांबलेलं असतं. तिथे झोपता येत नाही, म्युटेक्स (कुलूप) घेता येत नाही, मेमरी मागितली तर 'थांब, बघतो' हे उत्तर चालत नाही. आमच्याकडे एका नव्या पोराने हँडलरमध्ये दहा मिलिसेकंदांची झोप टाकली होती, 'हार्डवेअर सेटल व्हायला'. कर्नलने 'शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक' म्हणून बोंब ठोकली आणि पोरगा मला विचारतो, ही वॉर्निंग बंद कशी करायची.

खरं काम नॅपी करतं. ते असं समजा. अभ्यासिकेत साडेबाराला मेसचे डबे येतात. पूर्वी डबेवाला पोरगा प्रत्येक डब्याला खालून हाक मारायचा, 'डबाऽ', आणि तात्या प्रत्येक हाकेला दोन जिने उतरायचे. चाळीस डबे, चाळीस फेऱ्या. शेवटी शेवटी तात्या जिन्यातच. आता पहिल्या हाकेला तात्या उतरतात, पोराला म्हणतात ओरडू नकोस, आणि गाडीवरचे डबे संपेपर्यंत तिथेच उभं राहून वर पाठवत राहतात. संपले की 'आता आलास तर हाक मार' म्हणून वर. लिनक्समध्ये ही पद्धत जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये मांडली. गिगाबिटला सगळ्यात छोटी पॅकेटं आली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार होतात. प्रत्येकाला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर नुसता हाकांना 'ओ' देत बसेल, पॅकेट पुढे एकही जाणार नाही. याला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात: मशीन जिवंत, शंभर टक्के कामात, आणि उत्पन्न शून्य. सरकारी कचेरीत दिसतो तसा प्रकार.

तात्यांनाही मर्यादा हवी, नाहीतर ते दिवसभर खालीच राहतील. एका खेपेला एका रांगेतून ६४ पॅकेटं, सगळ्या रांगा मिळून ३००, किंवा कर्नलने ठरवलेले काही मिलिसेकंद, यातलं जे आधी संपेल तिथे थांबायचं. काम उरलंच तर ते केसॉफ्टआयआरक्यूडी या धाग्याच्या गळ्यात, तो बाकीच्या प्रोसेसांसारखा आपली पाळी बघून काम करतो. असं किती वेळा झालं ते सॉफ्टनेट-स्टॅट फाइलच्या तिसऱ्या रकान्यात हेक्साडेसिमल पद्धतीत असतं. तीन आठवड्यांत आमच्याकडे तिथे सगळ्या कोअरांवर शून्य. अर्थात ३०० एमबीपीएसला या यंत्राचा घामही निघत नाही.

आता इंटरप्टचा वेग. इथे कार्डाने मला अर्धा तास फसवलं. इथटूल या कार्डाच्या सेटिंग दाखवणाऱ्या टूलने कोअलेसिंग (इंटरप्ट देण्याआधी किती थांबायचं ते) विचारलं तर आरएक्स-यूसेक्स ३ आलं. मला वाटलं तीन मायक्रोसेकंद थांबतं. तसं नाही. या ड्रायव्हरात ३ हा काळ नसून खूण आहे: ट्रॅफिक बघून स्वतः ठरव, पण बेताने. १ म्हणजे स्वतः ठरव, जोरात. ० म्हणजे अजिबात थांबू नको. २ दिलं तर नाकारतं, ४ ते ९ नाकारतं, १० पासून १०,००० पर्यंत मात्र खरोखरचे मायक्रोसेकंद. हे ड्रायव्हरचा सोर्स वाचल्याशिवाय कुणाला कळणार? मी असा इंटरफेस लिहिला असता तर रिव्ह्यूत माझी धिंड निघाली असती.

तरी खेळून पाहिलं. रात्री नऊला, भरल्या अभ्यासिकेत, ० ठेवलं तर इंटरप्टचे आकडे डोळ्यांना पकडता येईनात, आणि पोरांना फरक शून्य. १,००० ठेवलं तर एका वेक्टरचे सेकंदाला हजाराच्या वर जाऊच शकत नाहीत, यादी कशी शांत वाटते. पण वायरवरचा पिंग पाव मिलिसेकंदावरून सव्वा मिलिसेकंदावर. लेक्चर बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. परत ३ वर आणून ठेवलं. ज्याने तो आकडा निवडला त्याला इंटरफेस लिहिता येत नसेल, पण ट्रॅफिक कळतं.

एक खोट मात्र सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे बऱ्याच फायबर लाइनी पीपीपीओई वर आहेत, म्हणजे फायबरवाल्याकडे लॉगिन करून प्रत्येक पॅकेट एका जादा पाकिटात घालून पाठवणाऱ्या पद्धतीवर. आठ रांगा म्हणून मी मिरवत होते ना, फायबरच्या पोर्टाचे रांगनिहाय आकडे काढले तर आलेली सगळी पॅकेटं रांग शून्यात. एक ते सात, भोपळा. कार्ड पॅकेटातले आयपी पत्ते आणि पोर्ट नंबर घेऊन त्यांचा हॅश करतं आणि त्यावरून रांग ठरवतं. पीपीपीओई चं पाकीट वरून गुंडाळलं की आतला पत्ता त्याला वाचता येत नाही, मग सगळं पहिल्या रांगेत. मजल्यांच्या पोर्टांवर साधं आयपी आहे, तिथे आठही रांगा छान भरतात. ३०० एमबीपीएसला एक कोअर पुरून उरतो, त्यामुळे हे दुखणं कागदावरचंच. पण ते सात शून्य बघून मला झोप लागेना. शेवटी आरपीएस चालू केलं. ते २०१० पासून, २.६.३५ पासून कर्नलमध्ये आहे. इंटरप्ट एकाच कोअरवर येतो, पण तो कोअर पॅकेटाच्या आत डोकावून, पीपीपीओई चं वेष्टण ओलांडून, हॅश काढतो आणि पुढचं काम बाकीच्यांना वाटतो. रांग शून्यच्या फाइलीत उरलेल्या सात थ्रेडांचा मास्क लिहिला, दोन मिनिटांचं काम. गिगाबिटची लाइन आणि अशक्त प्रोसेसर असेल तर मात्र ही गोष्ट कार्ड घेण्याआधी लक्षात घ्या, नाहीतर आठ रांगांचे पैसे देऊन एक रांग वापराल.

बाकी किरकोळ. हीटसिंक बऱ्यापैकी तापतो. सर्व्हरमध्ये समोरून वारा असतो, आपल्या पीसीत नसतो. मी कॅबिनेटच्या बाजूचं झाकण काढून ठेवलं होतं, तात्यांनी 'पाल जाईल' म्हणून परत लावलं, तरी काही बिघडलेलं नाही. चौथा पोर्ट रिकामा आहे. तिथे सीसीटीव्ही लावूया का, असं मावशी विचारते, म्हणजे दुकानदार बरोबरच होता.

कुणी घ्यावं? दोन-तीन मजले, ऑफिस, क्लास असं काही असेल, जुना पीसी राउटर म्हणून वापरत असाल आणि पोर्ट जास्त हवे असतील तर डोळे मिटून. फक्त बिघाड दुरुस्त करायचा असेल तर माझ्यासारखं वाहवत जाऊ नका, एमएसआय देणारं साधं कार्ड घ्या आणि उरलेल्या दोन हजारांत वायर बदला. आणि काहीही घेण्याआधी आपल्या मशीनची इंटरप्ट्सची यादी एकदा उघडून बघा. नेटच्या कार्डाबरोबर त्याच ओळीत आणखी कुणाचं नाव दिसलं तर आधी स्लॉट बदलून पाहा, फुकटात होतं.

मावशीला २,८०० सांगितले तेव्हा ती म्हणाली, "चार भोकांचे अठ्ठावीसशे?" मग हिशोबाच्या वहीत 'इंटरनेट दुरुस्ती' या नावाखाली लिहून रोख दिले, वरचे मेट्रोचे वीस नाही दिले.

ब्रॅकेटचं राहिलं. कार्डाबरोबर छोट्या कॅबिनेटचं ब्रॅकेट होतं, आमचं कॅबिनेट मोठं. दुकानदार म्हणाला मंगळवारी या, मोठं काढून ठेवतो. तीन मंगळवार झाले. सध्या कार्ड ब्रॅकेटशिवाय नुसतं स्लॉटमध्ये उभं आहे, दोन केबल टायनी बांधलेलं, आणि तात्यांना सांगून ठेवलंय की झाडू मारताना मागच्या वायरींना धक्का लावायचा नाही.